मशीनला लावलेला कौल

कुरुंद्यात वैशाखाचं ऊन पडलं की कुत्रंसुद्धा या सावलीतून त्या सावलीत जायचं तर दोनदा विचार करतं. अशा दिवसांत संतरामच्या घरातला कॉम्प्युटर रोज बंद पडत होता. बंद म्हणजे कसा? आवाज नाही, धूर नाही, सांगणं-सवरणं काही नाही. चांगला चालता चालता टप्पकन डोळे मिटायचा. टेबलाखाली ठेवलेल्या डब्याला, म्हणजे सीपीयूला, हात लावावा तर चुलीवरून उतरवल्यासारखा तापलेला. जरा विसावा दिला की पुन्हा सुरू व्हायचा आणि कामाला जुंपला की पुन्हा तेच.

दुसऱ्या कुणाच्या घरात असता तर वरून कापड टाकून पावसाळ्यापर्यंत ठेवून दिला असता. पण हा पुनमचा होता आणि पुनमला तो शुक्रवारी दुपारी दोन तास चालायलाच हवा होता.

पुनम ही संतराम आणि गोजरबाईची एकुलती लेक. लहानपणापासून तिला 'काहून' विचारायची खोड. गाय बसताना आधी पुढचेच पाय काहून मोडते, हळद शिजत आली की वास काहून बदलतो, बोअरचं पाणी हिवाळ्यात कोमट काहून लागतं. संतराम तिला चारचौघांत काहूनबाई म्हणायचा आणि वर 'आमच्या काहूनबाईला विचारा' असं कौतुकानं सांगायचाही. वसमतला डिग्री झाल्यावर ती नकाशे काढायला शिकली. उपग्रहानं वरून काढलेल्या फोटोत बांध कुठं, नाला कुठं, विहीर कुठं हे ओळखायचं आणि कॉम्प्युटरवर रेषा मारत जायच्या. पुण्याची एक कंपनी हे काम घरबसल्या देत होती. आपल्या गावात, आपल्या घरात बसून कुठल्या कुठल्या मुलखातल्या वावरांच्या हद्दी आखायच्या, या कल्पनेनंच पुनमला हरखून जायला व्हायचं. खरं सांगायचं तर तिला आयुष्यात दुसरं काही नकोच होतं.

मात्र त्यासाठी परीक्षा होती. दोन तासांची, ज्या मशीनवर पुढं काम करणार त्याच मशीनवर, खोलीत एकटीनं बसून, कॅमेरा सुरू ठेवून. चैत्रात ती एकदा बसली होती. हात छान चालला होता, निम्मं काम उरकलं होतं आणि मशीननं डोळे मिटले. पुनमनं फोन करून किती विनवण्या केल्या तेव्हा पलीकडची बाई म्हणाली, "आणखी एकदा बसू देतो, पण ही शेवटची." वेळ मिळाली शुक्रवार, दुपारी दोनची. भर वैशाखात दुपारचे दोन! देणाऱ्यानं कुरुंदा कधी पाहिलं नसणार.

आता अशा वेळी गावात सल्ल्याला काय तोटा? समोर शंकरसिंगचं हळद पॉलिश करायचं ड्रम होतं. हंगाम असल्यानं ते दिवसभर खडखड फिरायचं आणि गल्ली पिवळी करून टाकायचं. तो फडक्यानं तोंड पुसत ओसरीवर आला.

"ट्रॅक्टर तापला की आमी काय करतो? पाणी ओततो. ह्याला बी पाण्याची टाकी असंल की कुठंतरी, बघा बराबर."

"काका, ह्याला पाणी नसतं," पुनम म्हणाली.

"मंग तापनारच की," शंकरसिंग म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

गोजरबाईनं बोलण्यात वेळ घालवला नाही. पुनम न्हाणीत असताना तिनं गोणपाट भिजवून पिळलं आणि सीपीयूभोवती गुंडाळायला घेतलं. केसांतून पाणी गळतंय अशीच पुनम धावत आली म्हणून बरं.

"आई, काय करून राहिलीस? शॉक बसून मरशील."

"माठ न्हाई का ह्यानंच गार ऱ्हात?"

"माठात लाईट असती का?"

गोजरबाईनं गोणपाट उचललं, माठालाच गुंडाळलं आणि दुपारी मीठ-मोहऱ्या-मिरच्यांनी मशीनची दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका काही आला नाही, म्हणजे दृष्ट लागलेली होती हे तिच्यापुरतं सिद्ध झालं.

वसमतच्या सोमेश्वरनं हे मशीन जोडून दिलं होतं. पुनमनं ते मांडीवर घेऊन जीपनं त्याच्याकडं नेलं. त्यानं दिवसभर चालू ठेवलं, पण नुसतंच चालू ठेवलं, नकाशाचं जड काम काही त्यावर केलं नाही. मशीन बिचारं गुमान चाललं. "ह्याला धाड भरली न्हाई. तुमच्याकडं गरमी लई आहे," असं म्हणून त्यानं परत दिलं. बाजूच्या पत्र्यावर त्याच्या दुकानाचा कागदी शिक्का होता. तो फाडून उघडलं तर गॅरंटी संपली, अशी तंबीही दिली.

मग संतराम स्वतः जाऊन कूलर घेऊन आला. हा माणूस बोलायला कमी, पण पोरीच्या बाबतीत मागंपुढं बघणारा नव्हे. त्यानं सीपीयूच्या चारी अंगांनी हात फिरवून पाहिला. मागच्या जाळीतून गरम वारं येत होतं. जिथं गरम तिथंच गार करायचं, यात चुकायचं काय? त्यानं कूलर बरोबर मागं ठेवला, तोंड त्या जाळीकडं केलं आणि पाणी भरून सुरू केला. खोली अशी गार पडली की गोजरबाई तिथंच लवंडली. मशीन मात्र नेहमीपेक्षा लवकर बंद पडलं.

"कूलर खराब निघाला," संतराम म्हणाला. चेहरा पार उतरला होता त्याचा.

पुनम मात्र मशीनकडंच बघत होती. तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला होता. गारवा वाढला तर मशीन जास्त टिकायला पाहिजे. कमी काहून टिकलं? दुसऱ्या दिवशी तिनं पहाटे, अंगावर चादर घ्यावी अशा गार वाऱ्यात, कूलर बंद ठेवून काम करून पाहिलं. थोडं जास्त चाललं, पण शेवटी गेलंच. म्हणजे गुन्हेगार एकटं ऊन नव्हतं. आतापर्यंत ती घाबरली होती, चिडली होती, सगळं करून झालं होतं. आता पहिल्यांदाच तिला मजा वाटायला लागली. भीती कुठं गेली नव्हती, पण 'काहून' तिच्यापुढं जाऊन बसला होता.

गुरुवारी सकाळी गोजरबाईची पूजा झाली. देवघराचा कोनाडा त्याच खोलीत. उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता, संतरामनं पुन्हा एकदा आशेनं कूलर लावला तसा तो धूर आडवा झाला आणि भिंतीला घासत पळाला. पुनम त्या धुराकडं बघत उभी राहिली. मग तिनं जाऊन उदबत्तीच उपसली.

"अगं, देवाची हाय ती," गोजरबाई म्हणाली.

"देवाला दुसरी लाव. दादा, कूलर बंद करा जरा." बापाला ती दादा म्हणायची.

ती सीपीयूच्या मागं उकिडवी बसली आणि उदबत्ती जाळीजवळ धरली. मशीन चालू होतं. धूर जाळीपासून दूर ढकलला जात होता, अगदी मरतुकडा, पण बाहेर. म्हणजे इथून मशीन श्वास सोडतं. "आता लावा कूलर," ती म्हणाली. संतरामनं बटण दाबलं आणि धूर सगळा मागं फिरून जाळीतून आत शिरला.

पुनम हसायलाच लागली. "दादा, ते श्वास सोडून राहिलं आन् आपण त्याचा श्वास त्याच्याच घशात कोंबून राहिलोत."

संतराम वाकून बघत होता. त्याच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. खळ्यावर वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून उपणायला गेलं तर भुसा डोळ्यांत जातो, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. "म्हंजे रोग म्हशीला आन् इंजेक्शन पखालीला," तो म्हणाला आणि कूलर ओढून बाजूला केला.

पण पुनमचं समाधान झालं नव्हतं. मागून सोडतं, तर घेतं कुठून? समोरून. समोर काळी जाळी होती, आत पंखा. तिनं उदबत्ती तिथं धरली. धूर आत ओढला जायला हवा होता. तो सरळ वर गेला, देवघरात जात होता तसाच. तिनं उदबत्ती डावीकडं नेली, उजवीकडं नेली, खाली नेली. कुठंच काही नाही. मशीनचं नाक बंद होतं.

जाळी बसवलेली समोरची प्लास्टिकची झडप उघडायला शिक्का फाडावा लागत नव्हता. तिनं मशीन बंद केलं, वायर काढली, चमच्याचं टोक फटीत घालून झडप हलकेच उचकटली. ती निघाली आणि तिघंही बघत राहिले.

जाळीच्या आत झेंडू होता. एखाददुसरा नव्हे, थराला थर. सुकून चामट झालेल्या केशरी पाकळ्या, त्यात हळद-कुंकवाचा लगदा, तांदूळ, दोन दुर्वा आणि या सगळ्यावर शंकरसिंगच्या ड्रमची पिवळी धूळ बसून झालेली गादी. पाकळ्यांचा एक गोळा पंख्याच्या कडेला असा अडकला होता की पंखा जेमतेम सरकत होता. अगदी वर, थोड्या अलीकडच्या, मोगऱ्याच्या कळ्या होत्या.

पुनमला झेंडू समजला. खंडेनवमीला घरात विळ्या-कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांची पूजा होते, मशीनची व्हायला तिची हरकत नव्हती. पण मोगरा? कुंडीतला मोगरा चैत्रात फुलतो.

"आई, हे कधीचं?"

गोजरबाईनं पदर तोंडाला लावला. "तुझी परीक्षा होती न्हाई का, त्या दिवशीचं."

पुनमच्या डोक्यात सणक गेली. "तू कोंबलंस? आत? माझी परीक्षा तुझ्या ह्या फुलांनी गेली. गाव सगळं सल्ले द्यायला उभं, दादा कूलर आणून राहिले, आन् तुला म्हाईत होतं आत काय हाय ते. एक शब्द सांगायचास की."

गोजरबाईनं तोंडावरचा पदर काढलाच नाही. ती उठून चुलीपाशी गेली आणि पेटलेली चूल पुन्हा पेटवत बसली. संतरामनं पोरीकडं एकदा पाहिलं आणि बाहेर गेला. त्याचं बघणं बोलण्यापेक्षा जड होतं.

पुनमनं रंगकामाचा जुना ब्रश आणला आणि ती जाळी साफ करायला बसली. रागारागानं पाकळ्या उपसता उपसता तिचा हात हळू झाला. खालचा झेंडू मोकळा होता, जाळीला नुसता चिकटलेला. वरच्या थरातली फुलं देठाकडून दाबून बसवलेली होती. आधीची आपोआप आली होती आणि नंतरची कुणीतरी खुपसली होती. हे काहून? राग होता तिथंच होता, पण तिला राहवेना. ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आधी नुसती वाहत होतीस ना? मंग कोंबायला काहून लागलीस?"

गोजरबाईनं डोळ्यांतलं पाणी पुसलं नाही, चुलीच्या धुरानं आलंय असं दाखवलं. "तू सकाळी मशीन लावून अंघोळीला जायचीस. मी त्याच्या तोंडाला फूल धरायची. सोडलं की फूल खाली पडायचंच न्हाई. तिथंच चिकटून ऱ्हायचं. कौल लावतात न्हाई का देवाला, फूल चिकटवून? तसं. मी इचारायची, माझ्या लेकराचं भलं हुईल का, आन् ते फूल धरून ठेवायचं. येखादी पाकळी तर आतच घ्यायचं. मला वाटायचं, देव व्हय म्हनून राहिला."

पुनमनं हातातला ब्रश खाली ठेवला.

"मंग संक्रांतीपासून फूल पडायला लागलं. धरलं की पडायचं, धरलं की पडायचं. कुणाला सांगू? तुला सांगितलं तर तुझं मन मोडंल. परीक्षेच्या दिवशी बी पडलं. तवा मीच आत खुपसलं. देवाला जबरदस्ती केली मी, त्याचंच भोगून राहिली तू."

पुनम तिथंच उंबऱ्यावर खाली बसली. ती सकाळपासून उदबत्ती घेऊन जे शोधत होती ते हिला संक्रांतीलाच कळलं होतं. मशीन श्वास घेत होतं तोवर फूल चिकटत होतं. नाक बुजायला लागलं तसं फूल पडायला लागलं. आईनं रोज बरोबर मोजलं होतं, फक्त कशाचं माप घेतोय ते तिला ठाऊक नव्हतं. आणि भीती कुणाला सांगावी तेही ठाऊक नव्हतं. मघाशी आपण काय काय बोललो ते पुनमला आठवलं.

"आई," ती म्हणाली, "देवानं न्हाई टाकलं फूल. आतला पंखा हवा ओढतो म्हणून ते चिकटायचं. फुलांनीच त्याचं नाक बुजलं, मंग ओढ संपली. जबरदस्ती कसली आन् भोग कसले."

"पंखा?" गोजरबाईनं विचारलं.

"पंखा. चल, दाखवते."

पुनमनं पंख्यात अडकलेला गोळा काढला, झडप धुऊन पुसून पुन्हा बसवली, वायर लावली, मशीन सुरू केलं. परड्यातून सदाफुलीची एक पाकळी आणून आईच्या हातात दिली. गोजरबाईनं ती भीतभीत जाळीजवळ नेली. जाळी अजून बोटभर लांब होती तोच पाकळी हातातून सुटली आणि चटकन जाऊन चिकटली. गोजरबाईनं लेकीकडं पाहिलं, पाकळीकडं पाहिलं. मग हळूच ती काढून घेतली, पुन्हा धरली, पुन्हा चिकटली. असं तिनं किती वेळा केलं कोण जाणे. शेवटी पुनमच म्हणाली, "पुरं आता, त्याला काम करू दे."

शुक्रवार उजाडला तो तापलेलाच. संतरामनं सीपीयू कोपऱ्यातून काढून टेबलावर मांडला, पाठ उघड्या खिडकीकडं, तोंड खोलीकडं. कूलर लांब, दारापाशी. समोर जाऊन त्यानं शंकरसिंगला ड्रम थांबवायला सांगितलं. "दोन तास काय, मी जेवून झोपतोच की. पाण्याची टाकी सापडली का शेवटी?" शंकरसिंगनं विचारलं. उंटावरचा शहाणा तो, त्याला उत्तर देण्यात अर्थ नव्हता.

खोलीत दुसरं कुणी असायचं नाही असा नियम. पुनमनं दार लोटून घेतलं. पडद्यावर कुठल्याशा अनोळखी मुलखातलं शिवार उघडलं आणि तिचा हात चालायला लागला. बांध सापडत होते, नाले सापडत होते. निम्म्यावर आली आणि घरातली लाईट गेली. कूलर गुरगुरत थांबला, वरचा पंखा फिरता फिरता मंदावला. इन्व्हर्टरवर एकटं मशीन उरलं. मागच्या वेळी इथंच, याच सुमाराला ते गेलं होतं. स्लॅब वरून भाजत होता, घाम कपाळावरून भुवईत आणि भुवईतून डोळ्यात उतरत होता. पुनमनं एकदा कान दिला. समोरचा पंखा एका लयीत घरघरत होता. रणरणत्या उन्हातून येऊन माठापाशी पाणी पिणाऱ्या माणसासारखा तो हवा पीत होता. तिनं डोळा पुसला आणि पुढचा बांध धरला.

वेळ संपली तेव्हा शेवटची रेषा पूर्ण होती. पडद्यावर 'आपले काम मिळाले' एवढं आलं. मशीन चालूच होतं.

दार उघडलं तर गोजरबाई ओसरीत दाराला पाठ लावून बसलेली. दोन तास ती तिथून हलली नव्हती, असं संतरामनं नंतर सांगितलं. तिनं वर पाहिलं.

"चाललं?"

"चाललं आई. पुरं चाललं."

"निकाल कधी?"

"कळवतील. आठ-पंधरा दिवसांनी."

गोजरबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. तिची मूठ मिटलेली होती. ती उघडली तर आत सदाफुलीची पाकळी, घामानं मऊ पडलेली. ती मशीनपाशी गेली.

"आई, मी सांगितलं ना तुला, तो पंखा हाय."

"कळलं मला. पंखा तर पंखा. इचारू तर दे." तिनं जाळीसमोर पाकळी धरली आणि देवघरात बोलते त्याच आवाजात विचारलं, "पोरीला काम लागंल का?"

पुनमला पक्कं ठाऊक होतं. हवा कुठून जाते, कुठून येते, पाकळी काहून चिकटते, सगळं तिनंच शोधून काढलं होतं. तरी आईनं बोटं सोडली तेव्हा तिनं श्वास रोखून धरला आणि पाकळी जाळीला जाऊन बसेपर्यंत सोडला नाही.

गोजरबाईनं चिकटलेली पाकळी लेकीला क्षणभर दिसू दिली, मग आठवणीनं काढून घेतली.